मडके आजोबांचे, कातडे बकऱ्याचे: एका वाड्यावरच्या घुमट आरतीचे प्रकरण

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर १९ घरांत चवथीचा गणपती येतो. ८ घरे दीड दिवसाची, ९ पाच दिवसांची, २ सात दिवसांची. हा हिशेब सुरुवातीलाच देतो, कारण २०२२च्या चवथीला आमचे आरती पथक फुटले तेव्हा जो तो परंपरा, संस्कृती, नवी पिढी असे मोठे शब्द बोलत होता आणि हा हिशेब कोणीच मांडत नव्हते. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. भांडणातला थोरला माझा सख्खा काका, तेव्हा वय ७४. धाकटा माझा भाचा, तेव्हा २४ वर्षांचा. मी स्वतः त्याच पथकात चाळीसेक वर्षे कासाळे (झांजा) वाजवत आलो आहे. तेव्हा हा तटस्थ माणसाचा अहवाल आहे असे कोणी समजू नये.

ज्यांनी घुमट जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे मडके. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड उघडे. मडके मांडीवर घेऊन किंवा गळ्यात दोरी अडकवून कमरेशी धरायचे, उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर वाजवायचे आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत आतली हवा खेळवायची. तो पोटातून आल्यासारखा 'घुम्' डाव्या हाताचा असतो. शिकाऊ पोरगा उजव्या हातावरच मेहनत घेत बसतो, म्हणून त्याचे घुमट नुसते टपटपते. जोडीला काठ्यांनी वाजवायचा शामेळ आणि कासाळे. पुढे एक गाणारा, मागे झील धरणारे आठ-दहा जण. सुरुवात ठाय म्हणजे संथ लयीत, मग दुगण म्हणजे दुप्पट, शेवटी चौगुण. हेच घुमट ख्रिस्ती घरांत व्हायोलिनबरोबर मांडोला, म्हणजे त्यांच्या कोंकणी गाण्यांना, वाजते, तेव्हा त्याचा हात वेगळा असतो. आरत्या मात्र आमच्या सगळ्या मराठी. (आमच्याकडे भांडण कोंकणीतून होते आणि आरती मराठीतून. त्यामुळे या प्रकरणातले जे संवाद पुढे देतो ते मुळात मराठीत झालेले नाहीत.)

कातड्याचा प्रश्न वेगळा सांगायला हवा. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. पातळ, चिवट, आवाजाला खणखणीत. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणे, तिचे कातडे बाळगणे, विकणे हा गुन्हा, शिक्षा ३ ते ७ वर्षांची कैद, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. गोवा सरकारने २०१९मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली तेव्हा ती बकऱ्याच्या कातड्याच्या घुमटामुळेच शक्य झाली. कारण एका हाताने वारसा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने जप्त करायचे, असे कोणत्याच सरकारला करता आले नसते. ही एक गोष्ट अशी होती की तिच्यात मध्यम मार्ग नव्हता. काकांना बकऱ्याचे कातडे पसंत नव्हते, आणि त्यांच्या नापसंतीने कायद्यात काही फरक पडणार नव्हता.

तिसऱ्या घरी काय झाले

३१ ऑगस्ट २०२२, चवथीची रात्र. त्याआधीची दोन वर्षे कोविडमुळे घरोघरी आरत्यांना गेलोच नव्हतो. त्या दोन वर्षांत भाच्याने काय केले, तर काकांच्या आरत्यांचे जुने मोबाईल रेकॉर्डिंग लावून घरातल्या घरात सराव केला. नुसता स्वतः नाही; वाड्यावरची सहा मुले आणि दोन मुली तयार केल्या. मडगावचा त्याचा एक कॉलेजमित्र मांडोच्या पथकात घुमट वाजवतो. त्याने येऊन बकऱ्याच्या कातड्यावर बोट कसे हलके ठेवायचे ते दाखवले. घोरपडीवर जो जोर चालतो तो बकऱ्यावर दिला की आवाज बसतो, हे मला त्याच्याकडून प्रथम कळले.

त्या रात्री मुलांनी पेटीसाठी एक छोटा स्पीकर आणि माईक आणला होता. ऑक्टोपॅडही (विजेवरचे तालवाद्य) आणले होते. आता गावात कोणालाही विचारा, "ऑक्टोपॅडमुळे फूट पडली" असेच सांगतील. ते खरे नाही. ऑक्टोपॅड त्या रात्री बॅगेतून बाहेरच आले नव्हते. मी बॅगेच्या शेजारी बसलो होतो.

झाले ते असे. तिसऱ्या घरी काका 'युगे अठ्ठावीस' म्हणत होते. एका कडव्यावर ते थांबले, तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा घेतली, मग लय उतरवून परत ठायीत आले. मागची मुले तोवर दुगणीत शिरलेली. कासाळे एकीकडे, शामेळ दुसरीकडे, सगळा चिखल. आरती कशीबशी संपली. आणि मग भर घरात, यजमानांसमोर, भाचा म्हणाला, "आजो, इथे ओळ परत घ्यायची नाही. रेकॉर्डिंगमध्ये तसे नाही."

काकांनी विचारले, कोणाचे रेकॉर्डिंग?

"तुमचेच. २०१९चे."

काकांनी घुमट भिंतीशी ठेवले, देवाला हात जोडले आणि चपला घालून निघून गेले. त्यांच्या मागोमाग पाच जण गेले. माझी पंचाईत अशी की कासाळ्यांचा दुसरा जोड कोणाकडेच नव्हता; मी थांबलो, आणि थांबलो म्हणून मुलांच्या बाजूचा ठरलो.

त्या चवथीला वाड्यावर दोन पथके फिरली. काही घरांत एकाच रात्री दोनदा आरत्या झाल्या. दीड दिवसाच्या दोन घरांत एकही पथक वेळेत पोचले नाही. तिथे घरच्यांनीच टाळ्या वाजवत आरती म्हटली. हे त्या दोन घरांनी अजून विसरलेले नाही.

कोण जुना, कोण नवा

मी या प्रकरणाकडे परत परत जातो ते त्या एका वाक्यासाठी: "रेकॉर्डिंगमध्ये तसे नाही." बाहेरून पाहणाऱ्याला चित्र सरळ दिसते. म्हातारा परंपरावादी, तरुण आधुनिक. पण आरती अशीच म्हटली पाहिजे, एका ओळीचाही फरक चालणार नाही, असा आग्रह त्या घरात कोण धरत होते? चोवीस वर्षांचा मुलगा. आणि मनाला येईल तसे बदल कोण करत होते? चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस.

डिसेंबरमध्ये भाचा माझ्या घरी लॅपटॉप घेऊन आला. त्याच्याकडे काकांच्या एकाच आरतीची तीन रेकॉर्डिंग होती. २०१८चे ११ मिनिटांचे, २०१९चे ९, आणि २०२२चे, फूट पडण्याआधी पहिल्या घरी घेतलेले, १४. ओळी परत घेण्याच्या जागा तिन्हींत वेगळ्या. त्याला वाटले होते, तिन्ही जुळवून एक 'मूळ' बांधणी काढता येईल. ती निघेना. "मामा, यांना स्वतःलाच नक्की ठाऊक नाही," असे तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात, पण मला त्यात थोडी भीतीही ऐकू आली.

मी त्याला २०१९चे रेकॉर्डिंग कोणाच्या घरचे ते विचारले. त्याने घर सांगितले. त्या वर्षी त्या घरची आजी आजारी होती, खाटेवरून उठून माटोळीखाली (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या मांडवीखाली) भिंतीला धरून उभी होती. मला ते लख्ख आठवत होते, कारण काकांनी मला डोळ्यानेच खुणावले होते: आवर. म्हणजे भाच्याने दोन वर्षे घोटून घोटून पाठ केली ती एका आजारी म्हातारीसाठी आटोपती घेतलेली आरती होती.

पुढे काकांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, घरात शिरलो की आधी बघायचे, म्हातारी माणसे किती उभी आहेत, पोरे पेंगली आहेत का, यजमानाच्या डोक्यात काय चालले आहे. मग ठरवायचे. "हे त्याला दिसले नाही का?" दिसणार कसे? मोबाईल त्यांच्या हातांवर रोखलेला होता.

तरीही मी काकांची बाजू पुरती घेत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी ही गोष्ट कधी कोणाला शब्दांत सांगितली नव्हती. मलाही नाही. मागे बसून उमजेल त्याला उमजेल, ही त्यांची शिकवण्याची रीत. पूर्वीच्या अकरा घरांच्या वाड्यात, जिथे तीच माणसे वर्षानुवर्षे मागे बसत, तिथे ती चालत होती. आता मुले पुण्याला, बंगळूरला असतात आणि चवथीला चार दिवस येतात. मागे बसून उमजायला त्यांच्याकडे चारच रात्री. ते रेकॉर्डिंग करणार नाहीत तर काय करतील?

स्वयंपाकघरातून आलेला हिशेब

समेटाच्या दोन बैठका देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) झाल्या आणि दोन्ही फुकट गेल्या. पहिलीत पुरुषांनी भाषणे केली. दुसरीत पहिलीतल्या भाषणांवर भाषणे केली. 'समन्वय' हा शब्द मी त्या संध्याकाळी सतरा वेळा मोजला.

खरी वाट निघाली ती बायकांच्या बोलण्यातून, तीही रागाने. दीड दिवसाच्या एका घरची सून माझ्या बायकोला म्हणाली, "तुमचे ठाय-दुगण काय ते तुम्ही बघा. आम्हाला उसळ तीन-तीनदा गरम करावी लागते, आणि पहाटे उठून पुन्हा नैवेद्याला लागायचे असते." मग दोघींनी बसून वहीच्या पानावर मांडले. पहिल्या रात्री ८ घरे. काकांच्या पद्धतीने एका घरी ४० मिनिटे, म्हणजे ५ तास २० मिनिटे. वर चालणे, पाणी, करंज्या, गप्पा. साडेसातला निघालेले पथक शेवटच्या घरी दीडनंतर. मुलांच्या पद्धतीने २० मिनिटे, म्हणजे सगळे मिळून अकरापर्यंत आटपते. पूर्वी अकरा घरांत दीड दिवसाची तीनच होती; तेव्हा ४० मिनिटांनी कोणाचे काही अडत नव्हते. भावांच्या वाटण्या झाल्या, घरे वाढली, गणपती वाढले. चालीचे भांडण म्हणून जे आम्ही खेळत होतो त्याचा निम्मा भाग वेळापत्रकाचा होता.

उरलेला निम्मा मला मार्चमध्ये, शिगम्यात म्हणजे आमच्या होळीच्या सणात उलगडला. आमचे रोमट (ढोल-ताशांचा मेळ) सकाळी मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या जागेवर, वाजते. नमन, जोत, घणचे कटर घण, सगळे जसे पूर्वापार आहे तसे. तिथे पोशाखाचे, दिव्यांचे नाव काढायची कोणाची छाती नाही. आणि तीच माणसे, तेच ढोल-ताशे संध्याकाळी शहरातल्या पर्यटन खात्याच्या मिरवणुकीत रंगीत फेटे बांधून, चित्ररथाच्या मागे, परीक्षकांच्या मंचासमोर पायऱ्या जुळवत नाचतात. काकाही जातात. गेली कित्येक वर्षे जातात, फोटोही काढून घेतात. यावरून वाड्यावर कधी वाद झाल्याचे मला आठवत नाही. मांडावरचे मांडावर, रस्त्यावरचे रस्त्यावर. चवथीच्या आरतीला अशा दोन जागा नव्हत्या. एकाच घरात, एकाच देवासमोर, त्याच वीस माणसांनी दोन्ही गोष्टी करायच्या होत्या. तिथे ठिणगी पडणारच.

मी काकांना हे बोलून दाखवले. त्यांनी नेहमीप्रमाणे विषय बदलला. पण दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, पाच दिवसांच्या घरांत तिसऱ्या रात्री घाई नसते.

२०२३ची मांडणी अशी ठरली. पहिल्या रात्री दीड दिवसाच्या ८ घरांत तरुणांनी पुढे व्हायचे, प्रत्येक घरी तीन आरत्या, २० मिनिटे. पेटी चालेल, स्पीकर नको. (स्पीकरचा प्रश्न तसाही अर्धा सुटलेला होता, ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, तेव्हा दहानंतर तो बंदच करावा लागला असता.) तिसऱ्या रात्री पाच दिवसांच्या दोन घरांत बैठक. तिथे काका पुढे, वेळेचे बंधन नाही, चंद्रावळ म्हणायची, खाणपद म्हणायचे, हवे तेवढे. मुलांनी मागे झील धरायची आणि मोबाईल खिशात. ही दोन घरे दरवर्षी बदलतील. ऑक्टोपॅड विसर्जनाच्या वाटेवर, घराच्या उंबऱ्याआत नाही. मुली दोन्हीकडे वाजवतील. या शेवटच्या कलमावर मी मोठ्या वादाची तयारी करून गेलो होतो. काकांनी फक्त विचारले, "हात कसा आहे?" चांगला आहे म्हटल्यावर विषय संपला. कुरकुर केली ती एका तिशीतल्या माणसाने.

मडक्याचे काय झाले

काकांच्या घरी त्यांच्या आजोबांच्या वेळचे एक घुमट होते, घोरपडीच्या कातड्याचे. ते वाजवता येणार नाही हे त्यांनी मनाने केव्हाच मान्य केले होते, पण त्यावर बकऱ्याचे कातडे चढवायला धजत नव्हते. २०२३च्या जुलैमध्ये एका रविवारी त्यांनी भाच्याला बोलावून घेतले. जुने कातडे स्वतः कापून काढले. ते कुठे गेले ते मी विचारले नाही. मग करडाचे पातळ कातडे भिजवून, तोंडावर ताणून, सुंभाने करकचून बांधले. तो सुंभ आवळताना भाच्याच्या दोन्ही तळहातांना वळ उठले. काका मडक्याला गुडघ्याने दाबून धरून होते आणि "अजून, अजून" एवढेच म्हणत होते.

भाद्रपदात मात्र व्हायचे तेच झाले. पाऊस, दमट हवा, आणि चौथ्या घरी बकऱ्याचे कातडे ढिले पडले. काकांनी आयुष्यभर ज्याची चेष्टा केली तोच दोष. भाचा घुमट घेऊन त्या घरच्या स्वयंपाकघरात गेला आणि गॅस मोठा करून वर धरायला लागला. काका पाठोपाठ आत. गॅस बारीक केला, मडके वीतभर वर नेले आणि फिरवत राहिले. मधूनमधून कातड्यावर नखाने टिचकी मारत, कान लावत. तीनदा 'टप्' आला. चौथ्यांदा 'टण्'. "हा ऐकलास? याच्या पुढे गेलास तर फाटेल." आणि घुमट त्याच्या हातात देऊन बाहेर जाऊन बसले. चाळीस वर्षांत मी त्यांना कोणाला काही इतक्या शब्दांत शिकवताना पाहिले नव्हते.

परीक्षकांचा शेरा

याच मुलांनी त्या वर्षी एका आरती स्पर्धेत भाग घेतला. आयोजकांचे नाव इथे कामाचे नाही. काकांनी शिकवलेली एक आरती मुलांनी बसवली होती. काकांच्या वडिलांची चाल, ऑक्टोपॅड नाही, माईक आयोजकांचाच. निकालानंतर परीक्षकांनी तोंडी शेरा दिला: चाल नाट्यगीताच्या वळणाची आहे, पारंपरिक नाही, म्हणून गुण कापले.

मुले खट्टू झाली. काका भडकले. इतके भडकले की दुसऱ्या दिवशी माळ्यावरून ट्रंक उतरवून वडिलांची आरत्यांची वही काढली. वाळवीने कडा खाल्लेली, मोडी वळणाचे बाळबोध अक्षर. प्रत्येक आरतीच्या डोक्यावर "चाल –" आणि पुढे कुठल्या ना कुठल्या नाट्यपदाचा मुखडा. म्हणजे परीक्षकांचे कान बरोबर होते. ती चाल नाटकातलीच होती.

आमच्याकडे याचे नवल वाटायला नको. देवळाच्या जत्रेला रात्रभर मराठी नाटक होते, गावचीच माणसे तोंडाला रंग लावतात, आणि महिनाभर तालीम ऐकलेल्या पदांच्या चाली पुढच्या चवथीला आरतीत उतरतात. वहीवाल्या आजोबांनी तेच केले. आणि त्या नाट्यपदांचे तरी काय? १८८२च्या 'सौभद्र'पासून संगीत नाटकाने साक्या, दिंड्या, कानडी मुलखातल्या चाली, लोकांच्या तोंडी असलेले जे मिळेल ते उचलून वापरले. चाल कुठून निघाली आणि कुठून कुठे गेली याचा माग काढत गेले तर 'मूळ' म्हणून बोट ठेवायला जागा सापडत नाही. परीक्षकांना गुणपत्रिकेत 'पारंपरिकता' असा रकाना दिलेला असतो आणि त्यात आकडा भरावाच लागतो. त्यांची अडचण मला कळते. पण वहीतली चाल ज्या वर्षी कोणीतरी प्रथम आरतीला लावली असेल, त्या वर्षी वाड्यावरच्या एखाद्या काकाने चपला घातल्याच असतील.

हे मी बोलून दाखवले. भाचा हसला, काका नाही. त्यांना ती वही 'जुनी' म्हणून हवी होती. तिच्यात एका तरुण माणसाचा नवा उद्योग दिसतो हे त्यांना आवडले नाही. मी ताणले नाही.

अजून जे सुटलेले नाही

२०२४ला मांडणी तीच राहिली, थोडी खरचटून. बैठकीच्या रात्री दोन मुले मध्येच उठून गेली, कारण साडेतीन तास बसणे त्यांना जमले नाही. काकांनी पहिल्या रात्री एका घरी न राहवून ओळ परत घेतलीच आणि २० मिनिटांची ३१ झाली. मुलांनी मागे निमूट झील धरली, पण पुढचे घर ताटकळले. दीड दिवसाच्या घरांपैकी एकाने आता आम्हालाही कधी बैठक मिळणार म्हणून विचारले आहे. रास्त आहे, आणि त्याला उत्तर नाही. सात दिवसांच्या एका घराला ऑक्टोपॅड उंबऱ्याआत हवे आहे. घर त्यांचे, देव त्यांचा, पथकाने काय म्हणावे? भाच्याला अजूनही वाटते की एक पक्की बांधणी असल्याशिवाय पुण्या-बंगळूरहून येणाऱ्यांना सोबत घेता येणार नाही. काकांना अजूनही बकऱ्याचा आवाज 'पाणी घातलेला' वाटतो.

भाच्याने रेकॉर्डिंग करणे सोडलेले नाही. बैठकीच्या रात्री मोबाईल खिशातच असतो, पण पहिल्या रात्री तो खांबाला टांगतो. या खेपेला पाहिले तर त्याने तो काकांच्या हातांकडे रोखला नव्हता. माटोळीच्या बाजूने, घरची माणसे उभी राहतात त्या दिशेला तोंड करून लावला होता.